सर्टिफिकेटची फी भरू की प्रोजेक्ट करू? कोकणातून आयटीत जाणाऱ्यांसाठी

डिप्लोमा नाहीतर डिग्री झाली आहे, पुण्या-मुंबईत अर्ज टाकणं सुरू आहे आणि घरातून रोज एकच सूर, ‘अरे, एखादो कोर्स तरी कर.’ घरच्यांचं काही चुकत नाही. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं, तेव्हापासून गावोगावी लोकांनी पाहिलं आहे की सरकारी भरतीत तो कागद नसेल तर अर्ज बाद होतो. पण तिथे ती पात्रतेची अट असते. खासगी आयटीत अशी अट क्वचितच असते. तिथे सर्टिफिकेटमुळे ढिगाऱ्यातला तुमचा अर्ज कुणीतरी उघडून बघतं, एवढंच. मुलाखतीत ते तुमच्या वतीने बोलत नाही.

आधी दोन कागद वेगळे करू. व्हिडिओ बघून संपवले की मिळतं ते कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. ते शिकण्यासाठी जरूर वापरा, पण रेझ्युमेत अशी आठ-दहा लावून काही वजन वाढत नाही. देखरेखीखालची परीक्षा पास होऊन मिळतं ते सर्टिफिकेशन, आणि इथून पुढे बोलतोय ते त्याबद्दल. (एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स, अधलंमधलं आहे: परीक्षा केंद्रावर बसून द्यावी लागते, फी हजाराच्या आसपास. विद्यार्थ्याला वाईट नाही.)

नेटवर्क, सर्व्हर, क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर), सिक्युरिटी या कामांत सर्टिफिकेशनला खरा भाव आहे, आणि तो काही केवळ ज्ञानाच्या आदरापोटी नाही. आयटी सेवा देणाऱ्या कंपन्या ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांच्या भागीदार असतात. भागीदारीची वरची पायरी टिकवायला ठरावीक संख्येने सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात. सुरक्षा ऑडिटच्या टेंडरमध्येही टीममध्ये सीआयएसए, सीआयएसएसपी ही ऑडिट-सुरक्षेची सर्टिफिकेशन्स असलेली माणसं मागतात. म्हणजे तुमचा कागद कंपनीच्याही कामाचा. प्रोग्रॅमिंगच्या नोकरीत हे गणित बदलतं. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कोडिंगची फेरी घेते आणि जावाचं सर्टिफिकेट बघायलाही मागत नाही. टेस्टिंगमध्ये आयएसटीक्यूबी फाउंडेशन हे सुरुवातीचं सर्टिफिकेशन चालतं. चाळीस प्रश्न, एक तास, आणि एकदा मिळालं की मुदत संपत नाही.

खर्चाचं बोलू. ॲमेझॉनच्या क्लाउड प्रॅक्टिशनरची फी १०० डॉलर, सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएटची १५०, सिस्कोच्या सीसीएनएची (नेटवर्किंगची परीक्षा) ३००. कर वेगळा. सीसीएनए म्हणजे पंचवीस हजारांच्या वर गेलं, आणि नापास झालात तर पुन्हा तेवढेच. शिवाय ही तिन्ही तीन वर्षांत संपतात. ॲमेझॉनची एक परीक्षा पास झालात की पुढच्या परीक्षेला निम्मी सूट मिळते, हे क्लासवाले सांगायला विसरतात. सीसीएनएचा सराव मात्र घरबसल्या फुकट होतो. पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कची नक्कल करणारं सिस्कोचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा आणि राउटर विकत न घेता नेटवर्क जोडत बसा.

पैसे घालायचेच तर परीक्षेचा प्रकार बघून निवडा. पर्याय निवडायच्या परीक्षांचे ‘डम्प्स’, म्हणजे फुटलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं, सगळीकडे फिरतात. मुलाखत घेणाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून त्या कागदावर तो अर्धाच विश्वास ठेवतो. डम्प्स वापरून सापडलात तर सर्टिफिकेट रद्द होतं ते वेगळंच. रेड हॅटची आरएचसीएसए (लिनक्स सर्व्हर सांभाळायची) किंवा कुबरनेटीसची (बऱ्याच सर्व्हरवर ॲप चालवायचं सॉफ्टवेअर) सीकेए मात्र हाताने काम करायची परीक्षा आहे. समोर चालू मशीन देतात, दुरुस्त करून दाखवा म्हणतात. सीकेएत दोन तास मिळतात आणि अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडायची मुभाही असते, तरी वेळ पुरत नाही. लिनक्स आवडत असेल तर माझं मत सरळ आरएचसीएसएला.

आता दुसरी बाजू, प्रोजेक्ट. इथे कोकणातला माणूस उगाच मागे राहतो. कॉलेजातलं तेच ते ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ कुणी बघत नाही. घरची किंवा शेजाऱ्याची हापूसची बाग आहे ना? मार्च-एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर पेट्यांच्या ऑर्डरी येतात, वहीत लिहिल्या जातात आणि गोंधळ होतो. त्याचं साधं ॲप करा. पहिल्याच आठवड्यात खरे प्रश्न येतील: शेवटची पाच डझनाची पेटी दोघांनी एकाच वेळी बुक केली तर? पैसे आले पण ऑर्डर नोंदलीच गेली नाही तर? अर्धी पेटी डागी निघाली, तर परतावा कसा नोंदवायचा? मुलाखतीत यातल्या एकाच प्रश्नावर अर्धा तास बोलता येतं, कारण उत्तर तुम्ही शोधलेलं असतं. फक्त कोड गिटहबवर (कोड ठेवायची साइट) ठेवा आणि कसं चालतं ते दोन परिच्छेदांत लिहा. क्लाउडवर चढवलंत तर बिलाचा अलर्ट आधी लावा. चालू राहून गेलेला सर्व्हर मुकाट्याने कार्डावर बिल चढवत राहतो.

मग कुणी काय करावं? प्रोग्रॅमिंगच करायचं असेल तर फी वाचवा, प्रोजेक्ट करा. सपोर्ट, नेटवर्क किंवा क्लाउडकडे जायचं असेल आणि कॉलेजचं नाव पुण्यात कुणी ऐकलेलं नसेल, तर एक सर्टिफिकेशन घ्या. एकच, आणि ते ज्या तंत्रावर आहे ते तंत्र चालवूनही दाखवा. बी.एस्सी. किंवा बी.कॉम. करून आयटीकडे वळत असाल तर सर्टिफिकेशनचा उपयोग सर्वांत जास्त, कारण डिग्री तुमच्या बाजूने काही सांगत नाही. आधीच नोकरीत असाल तर कंपनीला फी भरायला सांगा, पुष्कळ कंपन्या भरतात. आणि फ्रेशरला सीआयएसएसपी विकणाऱ्या क्लासपासून लांब राहा. त्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो, परीक्षा पास झालात तरी तोवर नुसते ‘असोसिएट’.

परीक्षा ठरवलीच तर एक स्थानिक सूचना. घरून देता येते, पण खोलीत दुसरं कुणी चालत नाही. आधी कॅमेरा फिरवून भिंती, टेबल सगळं दाखवावं लागतं, आणि मध्येच आजी चहा घेऊन आली तर परीक्षा तिथेच थांबू शकते. जून ते सप्टेंबर लाइटचा आणि नेटचा भरवसा नाही. इन्व्हर्टर असला तरी टॉवर बंद पडतोच. तेव्हा पावसाळ्यात सरळ पुण्या-मुंबईचं किंवा कोल्हापूर-गोव्याकडचं केंद्र मिळतं का बघा, आणि घाटाचा, गाडीच्या उशिराचा हिशेब धरून आदल्या दिवशीच पोचा.