ठाण्याच्या रस्त्यांवर अबार्थ पुंटो: सहा वर्षांनंतर

आमच्या घरात ‘फियाट’ म्हणजे पद्मिनी. सासऱ्यांची, दुधी रंगाची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. ती विकून जमाना झाला, पण तिच्या जॅकचं हँडल अजून आमच्या माळ्यावर आहे. २०१९ मध्ये मी सेकंडहँड अबार्थ पुंटो, म्हणजे फियाटच्याच पुंटोची जोरकस आवृत्ती, घरी आणली तेव्हा सासऱ्यांनी किंमत विचारली नाही, आधी बॉनेट उघडायला लावलं. बराच वेळ बघत उभे होते. सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता: गाडीवर विंचू कशाला? मी सांगितलं, कंपनी काढणारे कार्लो अबार्थ १५ नोव्हेंबर १९०८ चे, त्यांच्याकडच्या हिशेबानं रास वृश्चिक. त्यांना ते लगेच पटलं.

मी भूलतज्ज्ञ आहे. राहते मानपाड्याला, काम ठाण्यात, ऐरोलीत आणि नेरूळला. रात्री दोनला फोन येतो आणि अर्ध्या-पाऊण तासात ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहायचं असतं. गाडी २०१६ ची, एमएच ०४. घेतली तेव्हा ३१ हजार किलोमीटर झाले होते, आज ८३ हजार. म्हणजे हे परीक्षण रविवारी पुसून पार्किंगमध्ये ठेवलेल्या गाडीचं नाही, रोज घोडबंदर रोडवर अडकणाऱ्या गाडीचं आहे.

ज्यांना ही गाडी आठवत नसेल त्यांच्यासाठी: भारतात ती ऑक्टोबर २०१५ मध्ये आली, दिल्लीत एक्स-शोरूम ९.९५ लाखांना. बांधणी आपल्या रांजणगावची. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी, २१२ एनएम टॉर्क (चाकं फिरवणारा जोर), पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, हा कंपनीचा आकडा. त्या काळात पोलो जीटी टीएसआय १०५ पीएस (जवळपास बीएचपीएवढंच माप) देत होती, २०१७ ला आलेली बलेनो आरएस १०२. पोलो जीटीआयमध्ये १९२ पीएस होते, पण ती बाहेरून येणारी आणि पंचवीस लाखांच्या वरची. दहा लाखांच्या आत खरी हॉट हॅच, म्हणजे छोटी पण दमदार गाडी, म्हणावी अशी आपल्याकडे ही एकच होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

चालवायला कशी? दोन हजार आरपीएमच्या खाली ती साधी पुंटो असते, शांत आणि थोडी आळशी. दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत पूर्ण २१२ एनएम हाताशी असतात, आणि आपलं शहरातलं सगळं चालवणं त्याच पट्ट्यात होतं. ऐरोलीचा पूल उतरून ठाणे-बेलापूर रोडच्या वाहतुकीत शिरताना तिसरा गिअर, पाय हलकेच दाबायचा, आणि मागचा कंटेनर आरशात लहान होतो. त्यासाठी वेगमर्यादा मोडावी लागत नाही. मला या गाडीत सगळ्यात जास्त आवडतं ते मात्र इंजिन नव्हे, स्टिअरिंग. हायड्रॉलिक आहे. रस्त्याची खरखर, ओल, टायरची पकड किती उरली आहे, हे सगळं बोटांना कळतं. नाडी बघावी तसं. हल्लीच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्या चालवून झाल्या, हलक्या आहेत, सोप्या आहेत, पण त्या माझ्याशी बोलत नाहीत.

आतल्या जागेबद्दल थोडक्यात: मागे दोघं नीट बसतात, तिसरा दाटीनं. क्लच जड आहे, रात्रपाळीनंतर तीन हात नाक्याच्या गर्दीत डावा गुडघा सांगतो. सरासरी शहरात लिटरला ९ च्या आसपास, हायवेला १३. हे आकडे ज्यांना खटकतील त्यांनी ही गाडी घेऊ नये.

आता मॉडिफिकेशन. यात मी एक मोठी चूक केली, ती आधी सांगते.

२०२१ मध्ये मी इंजिनाचं रिमॅप करून घेतलं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातली फाइल बदलून घेतली. एका ट्यूनरनं लॅपटॉप लावला, दीड तासात काम झालं, २५ हजार रुपये घेतले. बूस्ट (टर्बो आत ढकलतो त्या हवेचा दाब) वाढला, टॉर्क वाढला, पहिले दोन आठवडे मी खूश होते. किती वाढला हे मात्र कागदावर काहीच नव्हतं, कारण आधी आणि नंतर डायनोवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवलीच नव्हती. मीही ग्राफ मागितला नाही. रुग्णाचे आकडे न बघता औषध देणाऱ्या माणसाला मी थिएटरमध्ये उभं केलं नसतं, गाडीच्या बाबतीत मात्र केलं.

चार महिन्यांनी माळशेजच्या चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये, आरपीएमचा काटा सर्रकन वर गेला आणि गाडी होती तिथेच. आत जळकट वास. क्लच घसरत होता. ट्यूनर फोनवर म्हणाला, "तुमचा क्लच आधीच संपलेला असणार." अर्धं खरं असेल. पण कारण साधं आहे. रिमॅपनं टॉर्क वाढतो तो मुख्यतः कमी आरपीएमवर आणि एकदम. क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या डायफ्रॅम स्प्रिंगचा जोर मात्र कारखान्यातून आला तेवढाच राहतो. वाढलेला टॉर्क त्या पकडीच्या पुढे गेला की प्लेट सरकते, तापते आणि गुळगुळीत होते. उपाय म्हणून मग जोरकस क्लच घाला, मग आधीच जड असलेलं पेडल आणखी जड. तिथून पुढे एकेक भाग बदलत जायचं. मला ते नको होतं.

रबाळ्याच्या एमआयडीसीत माझे मेकॅनिक काका आहेत. चार गाड्यांची जागा, भिंतीवर टॉर्क रेंच ओळीनं टांगलेले, आणि एका वेळी एकच गाडी उघडणार. त्यांनी रिमॅपच्या आधीच बजावलं होतं, "मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय त्याला लॅपटॉप लावू देऊ नका, ताई." ती एक गोष्ट मी ऐकली होती, म्हणून वाचले. मूळ फाइल परत घातली. क्लच सेट युरोपातून मागवला, पाच आठवडे लागले, मजुरीसकट ४१ हजार. ते पाच आठवडे मी रात्री टॅक्सीची वाट बघत सोसायटीच्या गेटवर उभी राहिले.

कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं बॉनेट उघडल्यावर काय विचारलं जाईल याचा विचार आधी करा. आवाज करणारे एक्झॉस्ट तर मी हॉस्पिटलांच्या दारात जाणारी बाई म्हणून मुळीच लावणार नाही.

मग मी काय केलं? गाडी होती तशी परत केली. दहा वर्षांच्या टर्बो गाडीत हीच सगळ्यात जास्त फरक पडणारी दुरुस्ती आहे. पुढच्या सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) आणि स्ट्रट माउंट बदलले, मूळ प्रकारच्या रबराचेच. पॉलियुरेथेनचे बुश एका ओळखीच्यांच्या गाडीत अनुभवले होते, रस्त्याचा प्रत्येक सांधा कमरेत येतो. चारही शॉकअप नवे. स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) जाणारे रबरी पाइप. त्या पाइपांत एक केसाएवढी चीर निघाली. बूस्ट तिथून गळत होता, म्हणजे रिमॅप केला तेव्हाही बहुधा गळतच होता. तो पाइप बदलल्यावर गाडी जशी पळाली तशी मी तिला आधी कधीच पाहिली नव्हती. शक्ती होतीच, वाटेत सांडत होती.

टायरबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच. मूळ माप १९५/५५ आर१६, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर आणि भिंत तिच्या ५५ टक्के. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर, आणि वाट घोडबंदर रोडची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात डावं चाक आपटलं, टायरला फुगा आला, रिम ठोकून सरळ करावी लागली. चार टायर घ्यायचेच होते. दुकानदार २०५/५० घ्या म्हणत होता, दिसायला रुंद म्हणून. मी त्याच्याच काउंटरवर हिशेब मांडला. मूळ टायरची भिंत १०७ मिलिमीटर. २०५/५० ची १०२.५, म्हणजे गाडी जवळजवळ पाच मिलिमीटर खाली, आणि खड्ड्याला उशी आणखी कमी. २०५/५५ ची भिंत ११२.७५, म्हणजे साडेपाच मिलिमीटर वर. चाकाचा व्यास ६२१ वरून ६३२ होतो, १.८ टक्के जास्त. स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा आधीच्या मानानं १०२ चा वेग असेल, एवढं ध्यानात ठेवायचं. पिकअपमध्ये किंचित फरक पडतो, मला जाणवला, सवय झाली. बदल्यात आमच्या सोसायटीच्या गतिरोधकावरून आता मी सरळ जाते, तिरकी नाही. पुढच्या बंपरची कड घासणं जवळजवळ थांबलं. गाडी आणखी खाली बसवणारे स्प्रिंग विकणारे खूप भेटतात. ठाण्यात राहणाऱ्याला ते विकणं मला पटत नाही.

उन्हाळ्यात एक गोष्ट जाणवते. मेट्रो-४ च्या कामानं अरुंद झालेल्या रस्त्यात कासारवडवलीपासून कापूरबावडीपर्यंत रखडलात की इंटरकूलरला वारा मिळत नाही, आत जाणारी हवा तापते, आणि इंजिन नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळायला स्वतःच इग्निशन मागे घेतं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा देतं. गाडी मवाळ वाटते. बिघाड नाही. माजिवड्याचा पूल चढून दोन-तीन किलोमीटर मोकळं गेलात की परत ताळ्यावर येते. मी ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकते, मे महिन्यात त्याचा फायदा जाणवतो. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येत गेलं, माझी गाडी त्याआधीची. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे सरासरी थोडी घटली. काकांनी इंधनाचे जुने रबरी पाइप खबरदारी म्हणून बदलले आणि दर सर्व्हिसला ते हातानं दाबून बघतात.

ऑइल फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, दर साडेसात हजारांना, किंवा वर्षाला, जे आधी होईल ते. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि घाट उतरताना तापलं की त्या पाण्याची वाफ होते, पेडल मऊ पडतं. माळशेज मी तिसऱ्या गिअरमध्येच उतरते. पावसाळ्यात नाही, दरडी आणि गर्दी दोन्ही नकोत. ऑक्टोबरात पहाटे पाचला निघायचं, कल्याण, मुरबाड, टोकावडे. वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करत नाही, मिनिटभर चालू ठेवते, टर्बोच्या बेअरिंगला ऑइल मिळत राहावं म्हणून. काकांचं वाक्य आहे, "टर्बोच्या गाडीला घाई चालत नाही ताई. सुरू करतानाही नाही, बंद करतानाही नाही."

सुटे भाग ही या गाडीची खरी परीक्षा. फियाटच्या गाड्यांची विक्री भारतात बंद होऊन काही वर्षं झाली. दिवे, दरवाजे, काचा, आतलं प्लॅस्टिक बरंचसं साध्या पुंटो इव्होचं, ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधलं तर मिळतं. अबार्थपुरत्या गोष्टींसाठी युरोपकडे बघावं लागतं. म्हणून मी वस्तू बिघडायची वाट बघत नाही. ब्रेक पॅडचे दोन संच, एक थर्मोस्टॅट, इग्निशन कॉइलची एक जोडी कपाटात आहे.

कुणी घेणार असेल तर थंड इंजिनावर जाऊन बघा, मालकानं आधीच गरम करून ठेवलेली गाडी नको. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये दोन हजारांवरून पूर्ण दाबून क्लच घसरतो का पाहा. रिमॅप झालं होतं का, मूळ फाइल कुठे आहे, हे विचारा. पुढच्या बंपरखाली हात घालून बघा. आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरा. किलोमीटर कमी असले तरी रबराला वय असतं.

माझ्या गाडीचा बेल्ट घेतल्याबरोबर २०१९ मध्ये बदलला होता. आता पुन्हा वेळ आली आहे. पट्टा, टेन्शनर आणि वॉटर पंप असा पूर्ण संच गेल्या महिन्यात आला, माळ्यावर पद्मिनीच्या हँडलशेजारी खोक्यात आहे. शनिवारी पहाटे ड्युटी संपली की तसाच रबाळ्याला घेऊन जाणार आहे. सासरे सोबत येणार म्हणालेत, त्यांना तो पट्टा बसवताना बघायचा आहे.