पणजीतलं तीन दिवसांचं डीओई प्रशिक्षण: चिठ्ठ्यांनी पैसे वसूल केले

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं नायलॉनचे ब्रॅकेट मोल्डिंग करायचं काम. मे महिन्यापासून एका ब्रॅकेटवर सिंक मार्क, म्हणजे पृष्ठभागावर खळगे, यायला लागले. आमची पद्धत ठरलेली: एक सेटिंग हलवा, बाकी जागच्या जागी ठेवा. होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर धरून ठेवायचा दाब) वाढवलं, फरक नाही. ते परत खाली आणून मेल्टचं, म्हणजे वितळलेल्या नायलॉनचं, तापमान वाढवलं, फरक नावापुरता. दीड महिना असा घालवल्यावर साहेब म्हणाले, ते डीओई का काय ते शिकून ये. डीओई म्हणजे डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स, अनेक सेटिंग्ज एकत्र बदलून प्रयोग आखायची पद्धत. कंपनीने फी भरली आणि जुलैच्या भर पावसात मी तीन दिवस फोंडा-पणजी कदंबाच्या बसने ये-जा केली.

सुरुवात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर आणि चहाने. कपात आधी दूध ओतलं की चहा ते चवीवरून ओळखते, असं एक बाई म्हणाली, त्याची परीक्षा. आठ कप, त्यांतल्या चारांत दूध आधी ओतलेलं, चारांत चहा आधी. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर ओळखायची शक्यता 70 मध्ये 1. गोष्ट छान आहे, पण अर्धा तास जरा जास्तच झाला.

खरी मजा दुपारी आली. कागदाची हेलिकॉप्टरं करून जिन्यावरून सोडायची आणि खाली पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन घटक: कागदाची जाडी, खाली क्लिप आहे की नाही, पात्याची लांबी. प्रत्येकाच्या दोन पातळ्या, म्हणून आठ रन, म्हणजे प्रयोगाच्या आठ फेऱ्या. आम्ही शहाणे, तक्त्यात लिहिले होते त्याच क्रमाने करत गेलो. त्या तक्त्यात तिसरा घटक पहिल्या चार रनना खालच्या पातळीवर असतो आणि शेवटच्या चारांना वरच्या. म्हणजे आधी चारही आखूड पाती, मग चारही लांब. चौथा रन संपला तेवढ्यात हॉटेलच्या पोऱ्याने घामाघूम झालेल्या आमच्यावर दया येऊन छताचा पंखा लावला. निकाल काय, तर लांब पात्याचं हेलिकॉप्टर लवकर खाली येतं! आमच्या गटातल्या एकाने त्याचं कारणही शोधून काढलं होतं, चांगलं पटण्याजोगं.

सर काही बोलले नाहीत. आठ चिठ्ठ्या केल्या, टोपीत टाकल्या, आणि निघेल त्या क्रमाने पुन्हा करा म्हणाले. पंखा मध्येच लावायचा-बंद करायचा ते मात्र त्यांच्याकडे. या वेळी आकडे जास्त विखुरले, पण लांब पातं जास्त वेळ तरंगलं. रँडमायझेशन, म्हणजे क्रम असा चिठ्ठीवर सोडणं, हा पुस्तकी सोपस्कार अशी माझी समजूत होती, ती त्या जिन्यावर गेली.

दुसरा दिवस अर्ध्या प्रयोगांचा. चार घटकांना 16 रन लागतात. नीट निवडले तर 8 मध्ये भागतं. किंमत ही, की दोन-दोन घटकांचे एकत्रित परिणाम जोडीने एकमेकांत मिसळतात. एकाच मुखवट्यामागे दोन नट असावेत आणि टाळी कुणाची ते कळू नये, तसं. हे सरांनी सुरेख शिकवलं. पण नंतरचे दोन तास सॉफ्टवेअर लोकांच्या लॅपटॉपवर चढवण्यात गेले. त्यात छापील वहीतले आलेख कृष्णधवल. लाल रेघ आणि हिरवी रेघ यांची तुलना करा म्हणे!

माझी मोठी तक्रार मात्र वेगळी. मोल्डचं (साच्याचं) तापमान चिठ्ठी निघेल तसं वर-खाली करता येत नाही. एकदा बदललं की स्थिरावायला आमच्याकडे चाळीस मिनिटं जातात. अशा अडेलतट्टू घटकासाठी स्प्लिट-प्लॉट आराखडा असतो: तो घटक कमी वेळा बदलायचा आणि बाकीचे त्याच्या आत फिरवायचे. हा आराखडा मुळात शेतीतूनच आला. खाजनाची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीची) मानस, म्हणजे पाण्याची झडप, उघडली की पाणी सगळ्या खाजनात शिरतं, एका कुणग्याला (वाफ्याला) वेगळं देता येत नाही. बियाणं मात्र प्रत्येक कुणग्यात निराळं पेरता येतं. गोंयकाराला हे दोन वाक्यांत कळेल. इथे त्याला तिसऱ्या दिवशी, बसची वेळ झाल्यावर, मिळाली दहा मिनिटं. कारखान्यातून आलेल्या वीस जणांत अशी अडचण नसलेला एकही नसावा.

परत आल्यावर आठ रन लावले: मेल्ट तापमान, होल्डिंग प्रेशर, कूलिंग टाइम, मोल्ड तापमान. नायलॉन हवेतला ओलावा पितं आणि पाऊस रोज वेगळा, म्हणून दोन दिवसांत चार-चार, दोन्ही दिवशी मोल्डची दोन्ही तापमानं. आधी कुठलं तापमान, त्यात आधी कुठला रन, सगळं चिठ्ठीवर. ऑपरेटर मामांनी पहिल्या दिवशी विचारलं, "सर, मटका लावताय काय?" दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या तेच काढत होते.

होल्डिंग प्रेशर कामाला येत होतं, पण मेल्ट गरम असेल तरच. आम्ही दोन्ही कधी एकत्र वाढवलीच नव्हती. हाच परिणाम मोल्ड-कूलिंगच्या जोडीचाही असू शकला असता, म्हणून ती दोन जागीच ठेवून आणखी चार रन केले. मेल्ट-प्रेशरचीच जोडी निघाली.

पाचपैकी साडेतीन तारे. जेवण उत्तम, सुंगटांची (कोळंबीची) कढी विशेष. फी भरण्याआधी एवढंच विचारा की स्प्लिट-प्लॉटला किती वेळ ठेवलाय. मी विचारलं नव्हतं.