उन्हाळा बघून निवडलेलं घर: उन्हाळा काढून, पावसाळ्यात लिहिलेला अनुभव

घर शोधताना आमची अट एकच होती: उन्हाळ्यात रात्री शांत झोप लागली पाहिजे. थंडी संपता संपता राहायला आलो, अख्खा उन्हाळा इथे काढला, आता पावसाळाही अर्धा सरलाय. एवढं राहून झाल्यावर ठामपणे सांगता येतं की घराचा उकाडा ठरतो तो पश्चिमेची भिंत आणि डोक्यावरचा स्लॅब यांच्यावर. बाकी सगळं नंतर.

या घरात पश्चिमेला जिना, न्हाणीघर आणि अडगळीची खोली आहे, निजायच्या खोल्या उत्तरेला आणि पूर्वेला. 23 सेंटीमीटरच्या वीटभिंतीतून उन्हाची धग आत यायला साधारण 6 ते 8 तास लागतात. म्हणजे दुपारी चारचं ऊन ती भिंत रात्री दहा-अकराला, नेमकी अंथरुणं पडली की, खोलीत सोडते. भर उन्हाळ्यात जेवणं उरकल्यावर अडगळीच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावली तर सदऱ्यातून चटका जाणवायचा. निजायच्या खोलीची भिंत मात्र जेमतेम कोमट. नकाशात ही मांडणी दिसली तर मी दोन खोल्या कमी असल्या तरी तेच घर घेईन.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यामुळे स्लॅबची धास्ती होती. गच्चीला पांढरा परावर्तक रंग आहे आणि तो खरंच काम करतो. टाकीच्या कडेला एक पट्टी रंगवायची राहून गेली आहे. दुपारी रंगावर अनवाणी उभं राहता येतं, त्या पट्टीवर पाय टेकवत नाही. मात्र धूळ बसली की रंगाचा गुण उतरतो, त्यामुळे गच्ची अधूनमधून धुवावी लागते.

खिडक्या समोरासमोर आहेत. कोरड्या उन्हाळ्यात सकाळीच सगळं बंद, पडदे ओढलेले. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सताड उघडं. जाड भिंती रात्रभरात निवतात आणि दुसरी दुपार सुसह्य होते. पावसाच्या तोंडावर हवा दमट झाली तेव्हा हा हिशेब पार बदलला. रात्रीही हवा निवेना, त्यामुळे भिंतींचा उपयोग संपला. कूलरही निकामी, कारण हवेत आधीच बाष्प असलं की पाणी उडत नाही आणि गारवा येत नाही. तेव्हा दिवसभर वाहता वारा आणि पंखा, एवढाच इलाज. म्हणून कोरड्या महिन्यांसाठी या घराला पैकीच्या पैकी, दमट महिन्यांसाठी जेमतेम निम्मे. जिथे बाराही महिने दमट असतं तिथे जाड भिंतींपेक्षा मोठ्या खिडक्या आणि मोकळा वारा बघा.

खरी तक्रार स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या खिडकीबद्दल आहे. तिला वर सज्जा आहे, पण मावळतीचं ऊन तिरपं, सज्जाखालून थेट ओट्यावर येतं. आतून पडदा लावून फारसा फरक पडला नाही. काचेतून ऊन आत आलं की पडदाच तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. पुढच्या उन्हाळ्याआधी तिथे बाहेरून उभ्या, फिरवता येणाऱ्या पट्ट्या बसवून घेणार आहोत.

घर दाखवणारे बहुधा सकाळी बोलावतात. उन्हाळ्यात, दिवेलागणीनंतर जा आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीला हात लावून बघा.