मंजुरीचे पत्र आणि पहिले सेशन: कॅलिफोर्नियातील आरोग्यविम्याच्या ऑटिझम-सेवेबद्दल अभिप्राय

हा अभिप्राय दोन सेवांचा आहे. पहिली सेवा म्हणजे माझ्या पतीच्या नोकरीतून आम्हाला मिळालेल्या आरोग्यविम्याचा वर्तनोपचार विभाग, आणि दुसरी म्हणजे त्या विम्यातून अखेर आमच्या घरी थेरपिस्ट पाठवणारी संस्था. दोघांचीही नावे मी देत नाही. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, राहणाऱ्या ज्या मराठी आईवडिलांच्या हाती नुकताच ऑटिझमचा अहवाल आला आहे, त्यांना नावापेक्षा या सेवेची कार्यपद्धती आणि तिच्यातला विलंब नेमका कुठे होतो हे कळणे अधिक उपयोगाचे आहे, असे मला वाटते. पाच गुणांपैकी विमासेवेला मी दोन देते आणि थेरपीच्या संस्थेला चार.

विम्याच्या माहितीपत्रकात एबीए, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांसाठीची वर्तनोपचार पद्धती, समाविष्ट असल्याचे ठळकपणे लिहिलेले आहे. ही कंपनीची मेहेरबानी नव्हे. कॅलिफोर्नियात २०११ साली कायदा झाला आणि १ जुलै २०१२ पासून राज्याच्या नियंत्रणाखालील आरोग्यविम्यांना हे उपचार देणे बंधनकारक झाले. त्यामुळे ‘समाविष्ट आहे का’ हा प्रश्न आमच्या बाबतीत कधी उद्भवलाच नाही. प्रश्न होता तो केवळ ‘कधी’ एवढाच.

आमच्या मुलाला दोन वर्षे पूर्ण झाली त्या आठवड्यात, जानेवारीत, बालरोगतज्ज्ञांनी नेहमीची प्रश्नावली भरून घेतली आणि पुढील तपासणीची शिफारस केली. विकासतज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळाली ती जूनमधली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात निदानाचा अहवाल हाती आला आणि त्याच दिवशी थेरपीसाठी रेफरल, म्हणजे डॉक्टरांचे शिफारसपत्र, गेले. प्रत्यक्ष पहिले सेशन झाले ते पुढच्या जानेवारीच्या अखेरीस, म्हणजे निदानानंतर साडेसहा महिन्यांनी आणि पहिल्या शंकेनंतर वर्षभराने. दरम्यान मुलगा तीन वर्षांचा झाला. तीन वर्षांखालील मुलांसाठी राज्याचा जो ‘अर्ली स्टार्ट’ कार्यक्रम असतो, त्यातून त्याला आठवड्याला एक तास स्पीच थेरपी मिळत होती. तीही वाढदिवसाला संपली. वर्तनोपचारासाठी तिथल्या समन्वयक आम्हाला आधी विम्याकडे जायला सांगत होत्या आणि विम्याने नकार दिला तर ते पत्र आणायला सांगत होत्या. विमा कंपनी नकार देत नव्हती, आणि उपचारही देत नव्हती. ज्या कुटुंबाला स्पष्ट नकार मिळतो त्याला निदान पुढचे दार ठोठावता येते. आम्हाला कित्येक महिने ‘प्रक्रिया चालू आहे’ एवढेच उत्तर मिळत राहिले.

हा काळ नेमका कशात गेला, ते सांगते. रेफरलनंतर कंपनीने १७ संस्थांची यादी पाठवली आणि त्यांना स्वतः फोन करावा असे कळवले. मी एक वही घेतली आणि प्रत्येक फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि उत्तर लिहीत गेले. चार क्रमांक बंद होते. तीन संस्थांनी हा विमा घेणे केव्हाच थांबवले होते. चार संस्था आमच्या काउंटीत माणूसच पाठवत नव्हत्या. उरलेल्या सहांनी प्रतीक्षायादीत नाव घातले आणि चार ते नऊ महिने लागतील असे सांगितले. कंपनीच्या नोंदीत मात्र आमच्या परिसरात १७ संस्था ‘उपलब्ध’ होत्या, आणि ग्राहकसेवेला फोन केला की प्रत्येक वेळी तीच यादी पुन्हा ईमेलने येत असे. त्या दिवसांत मुलगा भूक लागली तरी सांगू शकत नव्हता, फ्रिजसमोर डोके आपटून घेत होता, आणि मी त्याला एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने कुणाच्या तरी व्हॉइसमेलवर विम्याचा क्रमांक सांगत होते. यादी अद्ययावत ठेवण्याचे काम कंपनीचे असताना ते अशा घरातल्या आईवर टाकले जाते, हा माझा या सेवेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

मार्ग निघाला तो तक्रारीमुळे. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार मानसिक आरोग्य आणि वर्तनोपचाराची तातडीची नसलेली पहिली भेट दहा कामकाजी दिवसांत मिळायला हवी, आणि नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या संस्थांत, वेळेत कोणी उपलब्ध नसेल तर नेटवर्कबाहेरच्या संस्थेची व्यवस्था कंपनीनेच करायची असते. त्यासाठी कुटुंबाकडून जास्तीचे पैसे घेता येत नाहीत. हे मला सप्टेंबरअखेर एका पालक-गटात कळले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी कंपनीकडे लेखी तक्रार दाखल केली, वहीतल्या १७ नोंदी तिला जोडल्या, आणि ३० दिवसांत निर्णय न झाल्यास आरोग्यविम्यांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ मॅनेज्ड हेल्थ केअरकडे जाणार असल्याचे नमूद केले. सव्विसाव्या दिवशी कंपनीतून प्रथमच एका बाईंनी आपणहून फोन केला आणि नेटवर्कबाहेरच्या एका संस्थेशी आमच्यापुरता करार करत असल्याचे सांगितले. म्हणजे ही व्यवस्था जुलैतही होऊ शकली असती. इथे एक सावधगिरी मात्र हवी: तुमच्या कंपनीचा विमा ‘सेल्फ-फंडेड’ प्रकारचा असेल, म्हणजे उपचारांचे पैसे विमा कंपनीऐवजी नोकरी देणारी कंपनी स्वतः भरत असेल, तर राज्याचे हे नियम बहुधा लागू होत नाहीत आणि दाद केंद्रीय श्रम खात्याकडे मागावी लागते. मोठ्या आयटी कंपन्यांतले अनेक विमे असेच असतात, म्हणून एचआरला हे पहिल्याच दिवशी विचारावे.

आता थेरपीच्या संस्थेविषयी. नोव्हेंबरअखेर त्यांच्या सुपरवायझर मूल्यमापनासाठी घरी आल्या. जूनच्या तपासणीत मुलाची शब्दसंख्या शून्य नोंदली गेली होती, कारण तिथे फक्त इंग्रजी शब्द मोजले गेले होते. या बाईंनी आधी विचारले की घरात कोणती भाषा बोलता आणि तो कोणते आवाज कशासाठी काढतो. मी ‘दे’, ‘पापा’, ‘भू’ यांसारखे चार शब्द सांगितले आणि त्यांनी ते उच्चारांसह लिहून घेतले. घरात केवळ इंग्रजी बोला, असा सल्ला आम्हाला पूर्वी एकाने दिला होता आणि आम्ही दोन महिने तो पाळलाही होता. त्या काळात पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करणाऱ्या आजीशी त्याचा उरलासुरला संवादही थांबला. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचे नुकसान होत नाही, हे या बाईंनी ठामपणे सांगितले. आमच्या थेरपिस्ट मुलीला मराठी येत नाही, पण ‘दे’, ‘पुरे’ आणि ‘पाणी’ हे तीन शब्द ती अचूक उच्चारते.

या उपचारपद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते आम्ही गंभीरपणे वाचले. १९८७ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील इव्हार लोव्हास यांनी आठवड्याला ४० तासांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यावरून ही पद्धत फोफावली. आणि तिच्या जुन्या कडक स्वरूपाने आपल्याला केवळ इतरांसारखे दिसायला शिकवले, असे अनेक ऑटिस्टिक प्रौढ सांगतात. म्हणून आम्ही दोन अटी घातल्या: नजरेला नजर देण्याची सक्ती नको, आणि तो ‘पुरे’ म्हणाला की थांबायचे. संस्थेने त्या उपचार आराखड्यात लिहून दिल्या. मार्चमध्ये तो फ्रिजसमोर उभा राहून ‘पाणी दे’ म्हणाला. दोन शब्द एकत्र त्याने आयुष्यात प्रथमच उच्चारले होते, आणि हे लिहिताना अजूनही माझे डोळे भरून येतात.

संस्थेचा एक गुण मी कापला तो तासांसाठी. सुपरवायझरनी आठवड्याला २० तास सुचवले, विम्याने १५ मंजूर केले, आणि पहिल्या तीन महिन्यांत आम्हाला सरासरी ९ तास मिळाले. एक थेरपिस्ट सहा आठवड्यांत नोकरी सोडून गेली आणि तिच्या जागी दुसरी येईपर्यंत साडेतीन आठवडे गेले. घरी येऊन प्रत्यक्ष काम करणारी ही माणसे ४० तासांच्या प्रशिक्षणावर आणि कमी पगारावर सगळे शहर पालथे घालतात, त्यामुळे ती टिकत नाहीत याचा दोष मी त्यांना देऊ शकत नाही. परंतु सहा महिन्यांनी मंजुरीच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा विमा कंपनीने न वापरलेल्या तासांवर बोट ठेवून १५ चे १० करण्याचा प्रस्ताव दिला. जे तास माणूस नसल्यामुळे मिळाले नाहीत, ते मुलाला गरज नसल्याचा पुरावा म्हणून वापरले गेले. सुपरवायझर बाईंनी कंपनीच्या डॉक्टरांशी फोनवर ४० मिनिटे बोलून १५ तास कायम ठेवून घेतले. रद्द झालेल्या प्रत्येक सेशनचे कारण माझ्या वहीत होते, त्याचा तेव्हा उपयोग झाला.

या काळात पुण्याला परत जावे का, असा विचारही आम्ही केला. तिथे थेरपीची वेळ लवकर मिळते असे नात्यातल्या एका कुटुंबाने सांगितले. पण ते बहुतेक सेशनचे पैसे खिशातून भरतात. भारत सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्यविमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि त्यात थेरपीही येते, मात्र थेरपीसाठी ठरवलेली मर्यादा त्यांना काही महिन्यांपलीकडे पुरत नाही. आम्ही इथेच राहिलो.

नोव्हेंबरमध्ये ज्यांना पुढच्या वर्षाचा विमा निवडायचा आहे, त्यांनी कंपनीला आपल्या पिनकोडमध्ये तीन वर्षांच्या मुलाला सकाळच्या वेळात आज घेणाऱ्या संस्थांची नावे लेखी मागावीत आणि त्यांतल्या दोघींना स्वतः फोन करून पाहावा. आमची सध्याची मंजुरी जानेवारीच्या अखेरीस संपते. नूतनीकरणाचा अर्ज आम्ही या वेळी दहा आठवडे आधी पाठवला आहे, आणि त्याची पोच अजून आलेली नाही.