अनोळखी कारागिराचं एबोनाइट पेन: दिवाळीत घेतलं, पावसाळ्यापर्यंत वापरलं

एबोनाइटचं, लेथवर हाताने घडवलेलं, ड्रॉपरने शाई भरायचं पेन. दक्षिणेतल्या एका छोट्या वर्कशॉपचं. पोस्टाच्या खर्चासकट तीन हजारांच्या थोडं आत पडलं. कारागिराचं नाव मुद्दाम देत नाही. अशा ठिकाणी एक-दोन माणसंच सगळं काम करतात, प्रत्येक पेन थोडं वेगळं निघतं, आणि माझ्या निबबद्दल पुढे जी तक्रार आहे ती त्यांच्या दुसऱ्या पेनला लागू पडेलच असं नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. बॉडीला पैकीच्या पैकी, निबला काठावर पास.

मी नाशिकच्या अंबडला एका टूलरूममध्ये क्वालिटी बघतो. दिवसभर हातात व्हर्निअर नाहीतर मायक्रोमीटर असतो, त्यामुळे पेन हातात आल्यावर लिहून बघण्याआधी मी आटेच बघितले. टोपणाचे आटे मल्टिस्टार्ट, म्हणजे शेजारी-शेजारी एकाहून जास्त सुरुवातींचे आहेत, सव्वा-दीड फेऱ्यांत टोपण निघतं. सेक्शन, म्हणजे बोटांनी धरायचा निबकडचा भाग, जिथे नळीत बसतो तिथले आटे मात्र बारीक आणि भरपूर लांब. हे बरोबरच आहे, कारण शाई थेट नळीत भरायची म्हटल्यावर तिला बाहेर यायला जितका लांब वळसा पडेल तितकं चांगलं. आट्यांची धार कुठे तुटलेली नाही. टॉर्च लावून नळीच्या आत बघितलं तर बोअरवर टूलच्या बारीक रेघा दिसतात, पण आत कोण बघतंय! दुपारच्या सुटीत नळी व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला, हळूहळू फिरवली, काटा जेमतेम हलला, म्हणजे नळी चांगली गोल आहे. आमच्याकडचे जुने टर्नर काका शेजारीच उभे होते. त्यांनी पेन हातात घेतलं, टोपणाच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, हे सीएनसीचं नाही. हात लागलाय याला. कड मोडलीय, धार घालवलीय ती बघा, मशीन असं मोडत नाही." काका सहसा कुणाच्या कामाला चांगलं म्हणत नाहीत.

एबोनाइट म्हणजे मुळात रबरच. नैसर्गिक रबरात भरमसाट गंधक घालून, वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास, ते तासन्‌तास तापवलं की लाकडासारखं कडक होतं. गाडीच्या टायरमध्ये गंधक असतं ते अगदी थोडं. म्हणूनच पेन नवं असताना बोटांना किंचित वास यायचा, फटाक्याच्या दारूची आठवण करून देणारा. महिन्याभरात तो गेला, तरी घामेजल्या हाताने बराच वेळ लिहिलं की अजूनही जाणवतो. या वासाचा त्रास होणारी माणसं आहेत, त्यांनी अ‍ॅक्रिलिकचं घ्यावं. बाकी एबोनाइट हातात गार लागत नाही, घसरत नाही, वजनाला हलकं. सलग तासभर लिहूनही बोटं अवघडली नाहीत. उन्हाशी मात्र त्याचं वैर आहे. उन्हात राहिलं की काळा रंग हळूहळू तपकिरी, मातकट होतो. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचं नाही, आणि धुताना बॉडीला गरम पाणी लावायचं नाही.

आता निब. सगळा प्रश्न इथेच आहे.

आपल्याकडे हातघडणीच्या पेनांची परंपरा जुनी. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी 1932 च्या सुमारास स्वदेशी पेन बनवायला घेतलं आणि 1935 मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना पेन मिळाल्याची, ते चांगलं असल्याची पोच दिली. इकडे मुंबईत दांडेकरांनी 1931 मध्ये शाईचा धंदा सुरू केला, त्यातून पुढे कॅमलिन उभी राहिली. पण आज जी छोटी वर्कशॉप्स आहेत त्यांतली बहुतेक निब स्वतः बनवत नाहीत. बनवणार कशी? पत्रा लाटायला रोलिंग मिल हवी, आकार द्यायला प्रेस हवा, टोकाला कठीण धातूचा मणी वेल्ड करायला हवा, मग केसाएवढ्या जाडीच्या चकतीने मधोमध चीर पाडायची. एका लेथचं ते काम नाही. म्हणून निब बाहेरून येते. जर्मनीतून योवो किंवा बॉक, नाहीतर आपल्याकडची भारतीय निब. म्हणजे तुम्ही कारागिराला पैसे देता ते बॉडीचे. निबच्या बाबतीत त्याचं काम एवढंच, की ती नीट बसवायची, जिभेशी (निबखालचा, तिला शाई पुरवणारा भाग) जुळवायची आणि पाकिटात घालण्याआधी लिहून बघायची. बॉडी कितीही सुरेख असो, पेन घ्यावं की नाही हे या शेवटच्या कामावर ठरतं. आणि नेमकं तेच काम फोटोत दिसत नाही.

माझ्या बाबतीत तेच राहून गेलं होतं. जर्मन निबचे हजारभर रुपये जास्त होते, मी भारतीय स्टीलची घेतली. शिरोरेषा सरळ निघायची, छान ओली. पण 'ळ'चं वळण घेताना, 'इ'च्या पोटात शिरताना निब कागदाला ओरबाडायची. लिहिता लिहिता अर्धा मिनिट थांबलं की पुढच्या अक्षराचा पहिला फटका कोरडाच. 'क'चा दांडा गायब आणि नुसतं पोट उमटलेलं, अशी अक्षरं रजिस्टरभर झाली. कारागिराला फोन केला. माणूस सज्जन, हिंदी तोडकीमोडकी, पण उत्तर साफ: "भेज दो, ठीक करके देता हूँ." जाण्यायेण्याचं पोस्ट माझ्या खर्चाने, आणि त्यांच्याकडे कामाची रांग. नवं पेन आल्या आल्या पुन्हा पाठवायचं, हे मला पटलं नाही. निघण्याआधी पानभर लिहून बघितलं असतं तर त्यांना तिथेच कळलं असतं.

दहापट मोठं दाखवणारं भिंग आमच्याकडे असतंच. त्यातून समोरून बघितलं तर निबच्या दोन पाकळ्यांपैकी उजवी किंचित वर. डोळ्याला दिसणार नाही, कागदाला बरोबर कळतं. वरच्या पाकळीला नखाने हलका दाब देत, बघत, पुन्हा दाब देत दोन्ही एका पातळीत आणल्या. ओरबाडणं तिथेच निम्म्याहून कमी झालं. मग निब उजेडासमोर बाजूने धरली. निब आणि जीभ यांच्यात टोकाकडे फट, तिच्यातून उजेड आरपार दिसत होता. शाई टोकापर्यंत पोचणार तरी कशी? इथे एबोनाइटच्या जिभेचा फायदा होतो. प्लॅस्टिकची जीभ असती तर एवढ्याने वाकली नसती. निब आणि जीभ सरळ ओढून बाहेर काढली, उकळून उतरवलेल्या पाण्यात जीभ काही सेकंद बुडवली, लगेच निबवर बसवून अंगठ्याने दाबून धरली. गार होईपर्यंत तसंच. फट गेली. त्यानंतर पहिला फटका कोरडा जाणं जवळपास बंद झालं.

हे सगळं अवघड नाही, पण ज्याला भिंग, चिकाटी आणि तीन हजारांच्या वस्तूला नख लावायची हिंमत आहे त्यानेच करावं. पाकळी एकदा जास्त वाकली की निब गेली.

रोजच्या वापराबद्दल. कामावरच्या इन्स्पेक्शन रजिस्टरचा कागद जाड आहे, त्यावर पेन मस्त चालतं. छापील फॉर्म साध्या कॉपिअर कागदावर असतात, तिथे शाई धाग्याधाग्याने फुटते आणि पाठीमागे उमटते. मीडियम निबऐवजी फाइन घेतली असती तर फॉर्मवर बरं पडलं असतं. कागदावर कुणाचं कूलंटचं किंवा तेलाचं बोट लागलं असेल तर त्या जागेवर अक्षर उमटतच नाही. त्याचा दोष मी पेनाला देत नाही, कुठल्याच शाईच्या पेनाला ते जमणार नाही. डिलिव्हरी चलनाखाली कार्बन असतो, तिथे बॉलपेनच हवं. खिशात दोन पेनं ठेवावी लागतात, इलाज नाही.

थंडीत एक गंमत झाली. इंदिरानगरहून सकाळी दुचाकीवर निघायचं, नाशिकची जानेवारीतली हवा, वरच्या खिशातलं पेन गारठून जायचं. कामावर पोचून लिहायला बसलं की हाताच्या उबेने नळीतली हवा फुगायची आणि निबखाली टपकन थेंब. नळी भरलेली असताना हे होत नाही. शाई पाव नळीच्या आसपास उतरली, म्हणजे आत हवाच जास्त, की होतं. एबोनाइटमधून उष्णता हळू जाते म्हणून थोडं उशिरा होतं, एवढंच. हाच प्रकार मुंबईहून येताना. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटर वर. कसारा घाट चढताना बाहेरचा हवेचा दाब कमी होतो, आतली हवा ढकलायला लागते. बॅगेत आडवं पडलेलं अर्धं रिकामं पेन घरी येऊन उघडलं तर टोपणात शाई आणि सेक्शन निळा. उतरताना असं कधी झालं नाही. आता परतीच्या आधी पेन काठोकाठ भरतो किंवा निब वर करून शर्टाच्या खिशात ठेवतो. बॅगेत टाकत नाही.

आट्यांमधून मात्र एकदाही गळलं नाही. सेक्शनच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात कारागिराने दिलेलाच होता, मी उन्हाळ्यात एकदा पुन्हा दिला. व्हॅसलिन लावू नका, ते पेट्रोलियमचं, रबराच्या जातीला मानवत नाही.

शाई साधीच वापरतो. कॅमलिनची रॉयल ब्ल्यू मेन रोडवर कुठेही मिळते आणि या पेनात ती सर्वांत शहाण्यासारखी वागते. पावसाळ्यात मात्र तिने दगा दिला. ओल्या रेनकोटचं पाणी रजिस्टरवर पडलं आणि अर्धं पान धुवून निघालं. त्या शाईचा तो गुणच आहे, शाळेतल्या गणवेशावरून निघते ती याच कारणाने. जून ते सप्टेंबर काळी पर्मनंट भरतो. चेकवर सही करायलाही निळी धुवून जाणारी नकोच. ब्रिल आणि सुलेखाही भरून बघितल्या, दोन्ही ठीक. सुलेखा थोडी जास्त ओली वाटली. नळीत तीन मिलिलिटरच्या आसपास शाई मावते. कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे शाई ओढून घेणारी छोटी सुटी नळी असलेल्या, बहुतेक पेनांत एक मिलिलिटरसुद्धा मावत नाही. महिन्याचा बराचसा भाग मी दौतीकडे बघतही नाही. चकाकणारे कण असलेल्या शाया एबोनाइटच्या जिभेत घालायच्या भानगडीत पडू नका, निब-जीभ उपसून धुवत बसाल.

पैशाचं म्हणाल तर याच रकमेच्या आत-बाहेर लॅमीची सफारी येते, पायलटची स्टीलनिबवाली पेनं त्याहून स्वस्तात येतात. ती कारखान्यात, एकसारखी, एकामागून एक निघतात. डबीतून काढलं, शाई भरली, लिहिलं. त्यांच्या बॉडीत मला काही खास वाटत नाही, पण निबच्या बाबतीत तिथे जुगार खेळावा लागत नाही. छोट्या कारागिराच्या पेनात तो जुगार आहेच. तो कमी करता येतो. ऑर्डर देण्याआधी निब कुणाची आहे ते विचारायचं. निब, जीभ आणि त्यांना धरणारं हाउसिंग यांचं अख्खं युनिट स्क्रू करून बसतं की नुसती दाबून बसवलेली आहे, हे विचारायचं, कारण युनिट असेल तर उद्या दुसरं आणून बसवता येतं. आणि तुमचंच पेन, तुमच्याच शाईच्या जातीत, पाठवण्याआधी लिहून त्याचा व्हिडिओ मागायचा. शब्द कुठल्याही लिपीतले चालतील, गोल वळणं हवीत. जो कारागीर हे आनंदाने करतो त्याच्याकडे अ‍ॅडव्हान्स द्यायला हरकत नाही. "हमारा सब पेन अच्छा लिखता है" एवढंच उत्तर आलं तर पुढे जाऊ नका.

टूलरूममधल्या एका सहकाऱ्याने मुलीसाठी हेच पेन मागवायचं मनात आणलं होतं. ती स्पर्धा परीक्षेच्या लेखी सरावाला रोज पानंच्या पानं लिहिते. त्यांना मी नको म्हटलं, कारखान्याचं पेन घ्या. घड्याळ लावून लिहिणाऱ्या मुलीला टोपण फिरवत बसायला आणि पाकळ्या जुळवायला वेळ नाही. टर्नर काकांना मात्र मागवून देतोय, तिथूनच, लाल-काळ्या एबोनाइटचं, जर्मन युनिट घालून. व्हिडिओ मागितलाय. काकांची एकच अट आहे: क्लिप नको, टोपणाची कड तशीच मोडलेली हवी.