दोन फोर-के आणि एक उभा मॉनिटर: जळगावच्या उन्हाळ्यातून गेल्यानंतरचा अनुभव

माझं काम ठिबकचे आराखडे काढण्याचं. एका पडद्यावर उपग्रहाचा नकाशा, दुसऱ्यावर कॅड (आराखडे काढायचं सॉफ्टवेअर), तिसऱ्यावर मटेरियलचं एस्टिमेट. तीस-चाळीस एकरांचा प्लॉट असला की चार-चार फुटांवरच्या लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतल्या ठिबकच्या नळ्या, फुल एचडी पडद्यावर एकमेकींत मिसळून नुसता करडा पट्टा दिसायचा. म्हणून दिवाळीत २७ इंची दोन फोर-के मॉनिटर घेतले आणि जुना २४ इंची बाजूला उभा लावला.

मॉनिटर चांगलेच आहेत, त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. खरी परीक्षा मागच्या वायरींची असते.

माझा पीसी आठव्या पिढीच्या आय-५चा. त्याच्या मदरबोर्डावरचं एचडीएमआय, म्हणजे मॉनिटरची वायर लावायचं पोर्ट, १.४ आवृत्तीचं. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख पिक्सेल. ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर सेकंदाला साधारण १२ गिगाबिटची क्षमता हवी आणि १.४ ची एकूण क्षमताच १०.२. त्यामुळे चित्र येतं, पण ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० वेळाच. माऊस चिखलातून ओढल्यासारखा चालतो, कॅडमध्ये झूम केलं की डोळे दुखतात. दुकानदार म्हणतो, ‘फोर-के दिसतंय ना भाऊ!’ दिसतं, पण त्यावर दिवसभर काम करून बघा.

मग आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड टाकलं. त्याला तीन डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडायचा दुसरा प्रकार), एक एचडीएमआय आणि एका वेळी चार पडदे चालतात. दोन्ही फोर-के डिस्प्लेपोर्टवर लावायचे ठरवले, पण एका मॉनिटरसोबत एचडीएमआयचीच वायर आली होती, तीच काही महिने वापरली. मार्चमध्ये कूलर सुरू झाला आणि गंमत सुरू झाली. कूलरचं बटण दाबलं की तो पडदा सेकंदभर काळा. आधी कार्डावर संशय, मग अर्थिंगवर. शेवटी १८ गिगाबिटचं प्रमाणपत्र असलेली, ‘प्रीमियम हाय स्पीड’ लेबलची दोन मीटरची वायर लावली आणि तो त्रास थांबला. पाच मीटरची स्वस्त वायर घेऊन टेबलामागून फिरवायचा विचार असेल तर सोडून द्या. आणि एचडीएमआयचं डिस्प्लेपोर्ट करणारा कन्व्हर्टर साधा चालत नाही, त्याला वीज लागणारा ॲक्टिव्ह प्रकारच हवा. उलट दिशेला, म्हणजे कार्डाच्या डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय मॉनिटरला जायचं असेल, तर फुल एचडीला साधा पुरतो, फोर-के ६० हर्ट्झला मात्र तिथेही ॲक्टिव्हच लागतो.

दोन्ही फोर-के १५० टक्के स्केलिंगवर (अक्षरं-चित्रं दीडपट मोठी) ठेवलेत, जुना १०० वर. विंडो इकडून तिकडे नेली की मध्येच तिचा आकार बदलतो, याची सवय होते. जुनं कॅड मात्र धुरकट दिसायचं. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीखाली हाय डीपीआयची सेटिंग बदलली तेव्हा रेघा धारदार झाल्या, पण टूलबारची चित्रं मुंगीएवढी. मी रेघा निवडल्या.

अमळनेरकडचे एक शेतकरी बांध तपासायला आले होते. नकाशा मोठा केला तसे पडद्याला नाक लावून म्हणाले, ‘हाई मन्हं वावर शे!’ आणि बोटाने विहीर दाखवली, जी माझ्या आराखड्यात वीस फूट सरकलेली होती. तेवढ्यात पाइपाचा हिशोब बदलला.

मे महिन्यात कार्डाचा पंखा काम नसतानाही फिरत राहायचा. जुना मॉनिटर ७५ हर्ट्झवर, बाकीचे ६० वर. असं मिसळलेलं असलं की कार्डाची मेमरी कधीकधी पूर्ण वेगातच राहते. तिघांनाही ६० वर आणलं, पंखा शांत झाला. ४४-४५ अंशांच्या खोलीत हा फरक लगेच कळतो. यूपीएसचाही विचार आधीच करा: ६०० व्हीएचा म्हणजे बहुधा ३६० वॉट. कार्ड जोरात असताना लाईट गेली की तो किंचाळायचा. उभा मॉनिटर त्यावरून काढला आणि भागलं.

डिस्प्लेपोर्टची एक खोड अजून आहे. मॉनिटर बंद केला की विंडोजला तो निघूनच गेला असं वाटतं आणि सगळ्या विंडो दुसऱ्या पडद्यावर जाऊन गोळा होतात. विंडोज ११ मध्ये मॉनिटरप्रमाणे विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याची सेटिंग आहे. तिने बरंच सुधारलं, पण लाईट जाऊन आली की एस्टिमेट हमखास भलतीकडेच सापडतं.

आणि बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारा पीसीच्या सेटिंगचा पडदा, नेमका उभ्या मॉनिटरवरच उघडतो, तोही आडवा. मान वाकडी करून वाचायला नको म्हणून तेवढ्यापुरती त्याची वायर उपसतो.