पैसा कोणाच्या खात्यात येणार? गाव आणि कॉलेजच्या एकत्र अभ्यासासाठी अनुदानाच्या वाटा

भंडारा किंवा गोंदियातला एखादा मामा तलाव डोळ्यांसमोर आणा. (‘माजी मालगुजारी’, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातले तलाव; हे पूर्ण नाव कागदावरच राहतं.) ढीवरांच्या मच्छीमार संस्थेचं म्हणणं, देशी मासा घटला, मरळ क्वचित लागते, आणि बेशरम नावाचं तण मात्र काठावरून आत सरकत चाललंय. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना नेमका हाच प्रश्न पडलाय. दोघांच्या मध्ये एक छोटी स्वयंसेवी संस्था आहे. दोन वर्षं मिळून अभ्यास करायचं ठरलंय. आता अर्ज कुठे करायचा?

असे प्रस्ताव मी संस्थेकडून लिहिलेत, आणि कॉलेजकडूनही. लोक आधी रक्कम विचारतात. मी विचारतो, पैसा कोणाच्या खात्यात येणार? कारण सही कोणाची, माणसं कोण नेमणार, तलावावर येणाऱ्या माणसाची रोजी कशी निघणार, हे सगळं तिथेच ठरतं.

भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएसएसआरच्या प्रकल्पात पैसा कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या खात्यात येतो. प्रमुख संशोधक प्राध्यापक. लहान प्रकल्प साधारण वर्षाचा, मोठा दोन वर्षांचा. विषय सामाजिक शास्त्राचा हवा. तलावाचा ठेका कोणाला मिळतो, ढीवरांचा हक्क कसा आक्रसत गेला, हा प्रश्न तिथे बसतो. पाण्यातला प्राणवायू बसत नाही. म्हणजे आपल्या मॅडमना समाजशास्त्राचा किंवा अर्थशास्त्राचा सहकारी शोधावा लागेल. खरी अडचण मात्र नेमणुकीत आहे. क्षेत्रीय अन्वेषकाला, म्हणजे गावात फिरून माहिती गोळा करणाऱ्याला, सामाजिक शास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. चाळीस वर्षं जाळं टाकणाऱ्या माणसाला त्या पदावर घेता येत नाही. त्याच्या पुतण्याने एमए केलं असेल, तर पुतण्याला घेता येतं. तरीही ठेक्याबाबत भांडायला पुढे जाऊन पुरावा लागणार असेल, तर या वाटेने आलेल्या अहवालाला कार्यालयात वजन असतं, हे मी पाहिलंय.

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या ‘सीड’ शाखेच्या योजनांचा कल याच्या उलट आहे. तिथे स्वयंसेवी संस्था स्वतः अर्ज करू शकते, पैसा तिच्या खात्यात येतो, आणि कॉलेज तांत्रिक भागीदार होतं. ते जाळं टाकणारे काका रीतसर मजुरीवर येतात, गावातली दोन मुलं मानधनावर. पण ‘मासा का घटला’ एवढ्यावर तिथे भागत नाही. बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावली तर मासा परततो का, असं काही करून दाखवावं लागतं. संस्थेची नोंद स्वयंसेवी संस्थांसाठीच्या सरकारी दर्पण पोर्टलवर हवी, लेखापरीक्षण वेळेवर हवं, आणि हिशेबाला पूर्णवेळ माणूस हवा. पाबळच्या विज्ञान आश्रमासारखी स्वतःची कार्यशाळा आणि वर्षानुवर्षांचा अनुभव असलेल्या संस्थेला हे जमतं. तीन माणसांच्या संस्थेला उपयोगिता प्रमाणपत्रच, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, घाम फोडतं.

केंद्राचं उन्नत भारत अभियान २०१४ मध्ये सुरू झालं, २०१८ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आला. समन्वय आयआयटी दिल्लीकडे. कॉलेजने किमान पाच गावं दत्तक घ्यायची, घरोघर सर्वेक्षण करायचं. रक्कम बेताची आणि काम विद्यार्थ्यांच्या जिवावर, त्यामुळे परीक्षा आल्या की गाव रिकामं. (‘दत्तक’ हा शब्द मला कधीच आवडला नाही. गावाला आईबाप आहेत.) पण कॉलेजला गावाची ओळखच नसेल, तर पहिल्या वर्षाला हे पुरेसं आहे.

त्याच्या जवळपासची, पण माझ्या मते जास्त उपयोगाची वाट म्हणजे राज्याचं उन्नत महाराष्ट्र अभियान. त्याचा शासन निर्णय जानेवारी २०१६ चा, आणि मागे आयआयटी मुंबईचं ‘सितारा’ केंद्र. इथे कॉलेज जिल्हा प्रशासनासाठी अभ्यास करतं, आणि पाणीपुरवठा किंवा जलसंधारण हे नेहमीचे विषय. अहवाल ज्या टेबलावर जातो, तिथूनच तलावाची दुरुस्ती मंजूर होते. जोखीम एकच: अधिकाऱ्याची बदली झाली की फाईल पुन्हा पहिल्या पानावर.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा लवकर मिळू शकतो, विशेषतः मार्च जवळ आला की. त्यासाठी संस्थेकडे कंपनी खात्याची सीएसआर-१ नोंदणी, आयकराच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या लागतात, शिवाय तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. कंपनी कायद्यातल्या सीएसआर कामांच्या यादीत संशोधन आहे, पण ते विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांचं. त्यामुळे तलावाचा प्रस्ताव पर्यावरण किंवा उपजीविकेच्या कलमाखाली मांडलेला बरा. कंपनीला फोटो हवे असतात, आणि तलावात काही घटलंय हे अहवालात फार ठळक नको असतं.

परदेशी निधीचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच पक्की धरा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला, पैसा एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही. ‘आमच्याकडे घेतो, तुमचा वाटा तुम्हाला देतो’ हा जुना रिवाज संपला.

मग आपल्या तलावासाठी काय? संस्थेत हिशेबाचा माणूस असेल तर सीड. नसेल तर आधी उन्नत महाराष्ट्रमधून एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढा, तेवढ्यात संस्थेची कागदपत्रं नीट होतात. ठेक्याचा वाद कोर्टाच्या दारात असेल, तरच आयसीएसएसआर आधी.

हंगामाचं गणित मात्र कोणत्याच योजनेच्या अर्जात विचारलेलं नसतं. बेशरम उपटायची ती पाणी उतरल्यावर, एप्रिल-मेमध्ये. आमच्या एका प्रकल्पाचा दुसरा हप्ता विद्यापीठाच्या लेखा विभागात अडकला, कारण मजुरीच्या व्हाउचरवर अंगठे होते आणि त्यांना सह्या हव्या होत्या. पैसे सुटले जुलैत. तलाव तुडुंब भरला होता. त्या वर्षी उपटणं झालंच नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच लोकांना बोलवायला जाताना मला लाज वाटली.

तेव्हापासून मी प्रस्ताव लिहायला बसण्याआधी लेखा विभागात जाऊन बसतो. अंगठा चालेल का, रोख मजुरी किती रुपयांपर्यंत देता येईल, हप्ता उशिरा आला तर विद्यापीठ स्वतःच्या निधीतून उचल देईल का, हे तीन प्रश्न विचारतो आणि उत्तरं सामंजस्य करारात लिहून घेतो. करारात ग्रामसभेलाही तिसरा पक्ष करतो, ठरावाची प्रत जोडून. मासेमारीच्या नोंदवह्यांची मूळ प्रत मच्छीमार संस्थेकडे राहील आणि विद्यापीठाला झेरॉक्स मिळेल, हे कलम बहुतेक वेळा खोडून परत येतं. मी ते पुन्हा टाकतो.